प्रकल्प नोंदी : हापूस, नीलम, रत्ना, सिंधू – पानातल्या डीएनएवरून वंशावळ

१८ ऑक्टोबर २०२३

कामाची आखणी. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाच्या वेंगुर्ले फळसंशोधन केंद्रातून दोन संकरित आंबे बाहेर पडले: १९८१ मध्ये रत्ना (नीलम × हापूस) आणि १९९२ मध्ये सिंधू (रत्ना × हापूस). म्हणजे हापूस हा रत्नाचा बाप आणि सिंधूचा बाप आणि आजोबाही. झाडांमध्ये इतकी स्पष्ट, तीन पिढ्यांची वंशावळ सहसा हाताला लागत नाही, कारण कोयीपासून वाढवलेलं झाड फळाला यायलाच कित्येक वर्षं लागतात. इथे चारही जाती किनारपट्टीवर उभ्या आहेत, पानं तोडली की काम सुरू.

तपासायचं ते एवढंच: कागदावरची वंशावळ डीएनएमध्ये दिसते का, आणि दिसते तेव्हा नेमकं काय सिद्ध होतं. दुसऱ्या भागाची चिंता जास्त आहे. ‘डीएनए टेस्टने अस्सल देवगड ओळखता येईल का’ हा प्रश्न बागायतदारांकडून वारंवार येतो आणि त्याला सरधोपट उत्तर देऊन चालणार नाही.

आंब्यात गुणसूत्रं ४०, म्हणजे २० जोड्या. एका संचात साधारण ४० कोटी बेसजोड्या, म्हणजे डीएनएची अक्षरं. परागकण किंवा बीजांड तयार होताना प्रत्येक जोडीतलं एकच गुणसूत्र पुढे जातं. तुकड्यांची अदलाबदल बाजूला ठेवली तरी २चा २० वा घात, म्हणजे १०,४८,५७६ प्रकारचे संच एकाच झाडातून निघू शकतात. कोयीचं झाड आईसारखं निघत नाही ते यामुळे. कलमात ही फेरमांडणी होतच नाही: काडी ज्या झाडाची, डीएनए त्याच झाडाचा.

नमुने: हापूस (देवगड आणि रत्नागिरी, दोन्हीकडचे), नीलम, रत्ना, सिंधू, शिवाय तुलनेला रायवळ.

२० ऑक्टोबर

पानं गोळा केली. पावसाळा सरताना येणारी पालवी कामाची, पण अगदी तांबूस, लोंबणारी पानं नकोत. त्यांत रंगद्रव्यं आणि फिनॉल भरपूर, खलात घोटलं की मिनिटाभरात चहाच्या रंगाचं होतं. जुनी गडद पानंही नकोत: मेणाचा थर जाड, पिष्टमय पदार्थ जास्त, पेशी कमी. तांबूस रंग उतरून पोपटी झालेलं, बोटांत मुडपलं तर न तुटणारं पान घ्यायचं. देठ मोडला की चीक येतो, म्हणून देठ आणि मधली शीर कापून टाकली.

पान ओल्या फडक्याने पुसलं, मग ७० टक्के अल्कोहोलने. काजळी (तुडतुड्यांच्या चिकट स्रावावर वाढणारी काळी बुरशी) राहिली तर बुरशीचा डीएनए सोबत येतो.

वाळवण सिलिका जेलमध्ये: २ ग्रॅम पानाला किमान २० ग्रॅम सिलिका, झिप पिशवीत, पान छोट्या तुकड्यांत. आपल्याकडच्या दमट हवेत निळी सिलिका संध्याकाळपर्यंत गुलाबी होते. झाली की लगेच बदलायची, दुसऱ्या दिवसावर टाकायची नाही. पान २४ तासांच्या आत कडकडीत वाळलं पाहिजे. हळू वाळलं तर पेशीतली विकरं डीएनए तोडून टाकतात, आणि ते नुकसान नंतर कुठल्याच रसायनाने भरून येत नाही. उन्हात किंवा ओव्हनमध्ये वाळवणं टाळलं.

२५ ऑक्टोबर

सीटॅब बफर (पानातून डीएनए बाहेर काढायचं द्रावण; सीटॅब हे साबणासारखं रसायन), १०० मि.ली. साठी: सीटॅब २ ग्रॅम, मीठ (प्रयोगशाळेचं शुद्ध सोडियम क्लोराइड) ८.१८ ग्रॅम, १ मोलर ट्रिस (पीएच ८.०) १० मि.ली., ०.५ मोलर ईडीटीए ४ मि.ली., पीव्हीपी २ ग्रॅम, बाकी डिस्टिल्ड पाणी. आधी मीठ विरघळवायचं, मग सीटॅब, आणि मिश्रण ६० अंशांवर हळू ढवळायचं. जोरात ढवळलं तर नुसता फेस. बीटा-मर्कॅप्टोइथेनॉल आयत्या वेळी, १ मि.ली. बफरला १० मायक्रोलिटर, फ्यूम हुडखालीच.

कोण काय करतं ते नीट लक्षात असलं की बिघाड शोधायला सोपं जातं. सीटॅब पेशींचं आवरण विरघळवतं. ईडीटीए मॅग्नेशियम पकडून ठेवतं, त्यामुळे डीएनए तोडणारी विकरं थंड पडतात. पीव्हीपी फिनॉलला चिकटतं. मर्कॅप्टोइथेनॉल फिनॉलचं ऑक्सिडीकरण, म्हणजे तपकिरी होणं थांबवतं. आणि मीठ ०.७ मोलरच्या वर असेपर्यंतच डीएनए द्रावणात राहतो. त्याखाली तो सीटॅबबरोबर साक्यात बसतो.

२७ ऑक्टोबर

पहिली फेरी नेहमीच्या कृतीने. २५ मिलिग्रॅम वाळलेलं पान, बारीक पूड, ८०० मायक्रोलिटर बफर, ६५ अंशांवर ४५ मिनिटं, दर दहा मिनिटांनी ट्यूब उलटसुलट. मग तेवढंच क्लोरोफॉर्म–आयसोअमाइल अल्कोहोल (२४:१), सेंट्रिफ्यूज, वरचा थर काढून आयसोप्रोपॅनॉल.

हापूस आणि रायवळ दोन्हींत तळाला बसलेला गोळा तपकिरी आणि पेजेसारखा चिकट. टीई बफरमध्ये (डीएनए साठवायचं द्रावण) विरघळेना, पिपेटच्या टोकाला तार धरून वर येतो. ही आंब्याची नेहमीची अडचण: पॉलिसॅकराइड (चिकट पिष्टमय द्रव्यं) आणि फिनॉल डीएनएबरोबरच खाली येतात. असा नमुना पुढे रेटण्यात अर्थ नसतो. पॉलिमरेज, म्हणजे डीएनएची नक्कल करणारं विकर, त्यात चालत नाही.

एक सूचना फळ्यावर लिहून ठेवली: सीटॅब असलेली ट्यूब थंड सेंट्रिफ्यूजमध्ये ठेवायची नाही. १५ अंशांच्या खाली सीटॅब स्वतःच पांढरा साका होऊन बसतो आणि तो डीएनए समजून पुढे नेला जातो.

३ नोव्हेंबर

कृतीत दोन बदल.

एक, सॉर्बिटॉलची धुणी. १०० मि.ली. साठी सॉर्बिटॉल ६.४ ग्रॅम, १ मोलर ट्रिस (पीएच ८.०) १० मि.ली., ०.५ मोलर ईडीटीए १ मि.ली., पीव्हीपी १ ग्रॅम, आयत्या वेळी १ टक्का मर्कॅप्टोइथेनॉल. पानाची पूड यात १ मि.ली. घेऊन हलवायची, ५ मिनिटं सेंट्रिफ्यूज, वरचं पाणी फेकायचं. पेशींची केंद्रकं शाबूत राहून खाली बसतात, चिकट द्रव्य आणि फिनॉलचा बराचसा भाग पाण्याबरोबर जातो. वरचं पाणी पातळ आणि जवळजवळ रंगहीन होईपर्यंत धुवायचं. हापूसच्या पानाला दोनदा पुरतं, जून पानाला तीनदा.

दोन, क्लोरोफॉर्मनंतर काढून घेतलेल्या वरच्या थरात निम्म्या आकारमानाचं ५ मोलर मीठ. त्याने मिठाचं प्रमाण २.६ मोलरपर्यंत जातं आणि पॉलिसॅकराइड द्रावणातच राहतात. त्यानंतर ०.६ पट आयसोप्रोपॅनॉल, तेही खोलीच्या तापमानाला, फक्त १५ मिनिटं. फ्रीजरमध्ये रात्रभर ठेवण्याची सवय इथे मोडावी लागते, कारण थंडीत मीठ आणि चिकट द्रव्य पुन्हा खाली येतात. मीठ जास्त झाल्यामुळे ७० टक्के अल्कोहोलने एकाऐवजी दोनदा धुणी.

गोळा आता पांढरट, छोटा आणि लगेच विरघळणारा. आरएनएज (सोबत आलेला आरएनए तोडणारं विकर) ३७ अंशांवर ३० मिनिटं.

९ नोव्हेंबर

शुद्धतेची मोजणी. २६०/२८० गुणोत्तर (त्या-त्या नॅनोमीटरच्या प्रकाशाच्या शोषणाचं) १.८ च्या आसपास, म्हणजे प्रथिनं गेली. २६०/२३० कडे मात्र जास्त लक्ष द्यायचं, तो २ च्या जवळ हवा. तो १ च्या खाली असला तर पॉलिसॅकराइड, फिनॉल किंवा मीठ शिल्लक आहे. पहिला आकडा बघून समाधान मानणाऱ्यांची पीसीआर (डीएनएच्या ठरावीक तुकड्याच्या असंख्य प्रती काढण्याची प्रक्रिया) अडते ती इथेच. ०.८ टक्के ॲगरोज जेलवर (यात विजेने डीएनएचे तुकडे लांबीप्रमाणे वेगळे होतात) वरच्या बाजूला एकच घट्ट पट्टी, खाली धूसर शेपूट नाही. डीएनए अखंड आहे.

२१ नोव्हेंबर

मार्कर (ओळखखूण म्हणून तपासायच्या डीएनएवरच्या जागा) म्हणून एसएसआर घेतले: सीए-सीए-सीए किंवा जीए-जीए-जीए अशी दोन-दोन अक्षरांची माळ जिथे पुन्हा पुन्हा येते त्या जागा. डीएनएची नक्कल होताना पॉलिमरेज या माळेवर घसरतं, एखादं पुनरावर्तन वाढतं किंवा गळतं. म्हणून अशा जागी बदल झपाट्याने साठतात आणि एकाच जातकुळीतली झाडं वेगळी ओळखू येतात. साध्या अक्षरबदलाचा वेग याच्या तुलनेत फार मंद. मोहरीच्या कुळातल्या अराबिडॉप्सिसमध्ये तो दर पिढीला, दर अक्षरामागे अब्जात सुमारे सात इतका मोजलेला आहे.

पीसीआर २० मायक्रोलिटर: डीएनए ३० नॅनोग्रॅम, दोन्ही प्रायमर (हव्या त्या तुकड्याच्या दोन टोकांना बसणारे छोटे डीएनए) ०.३ मायक्रोमोलर, डीएनटीपी (डीएनएची सुटी अक्षरं) ०.२ मिलिमोलर, मॅग्नेशियम २ मिलिमोलर, टॅक पॉलिमरेज १ युनिट. ९४ अंश ५ मिनिटं. मग ३५ फेऱ्या ९४ अंश ३० सेकंद, ५५ अंश ३० सेकंद, ७२ अंश ४५ सेकंद. शेवटी ७२ अंश १० मिनिटं.

नीलमच्या नमुन्यात काहीच वाढलं नाही. अशा वेळी डीएनए वाढवण्याचा मोह होतो, करायचं उलटं: डीएनए दहापट पातळ केला आणि लगेच पट्टी आली. जास्त डीएनए म्हणजे सोबत जास्त अडथळेही. नाहीच आलं तर बीएसए (अडथळे धरून ठेवणारं प्रथिन) घालायचं. डीएनएऐवजी पाणी घातलेली एक ट्यूब प्रत्येक वेळी. त्या ट्यूबमध्ये पट्टी दिसली तर सगळी बॅच रद्द, अपवाद नाही.

५ डिसेंबर

३ टक्के ॲगरोजवर पट्ट्या दिसतात, पण दोन बेसजोड्यांचा फरक ॲगरोजवर सुटत नाही. ८ टक्के पॉलिॲक्रिलामाइड जेलवर गेलो, १एक्स टीबीई. ॲक्रिलामाइडची पूड आणि न गोठलेलं द्रावण मज्जासंस्थेला घातक, हातमोजे आणि मास्क काढायचे नाहीत.

मुख्य पट्टीखाली एक-दोन फिकट पट्ट्या दिसतात त्या पीसीआरमध्येच झालेल्या घसरणीच्या. त्यांना वेगळा अलील (त्याच जागेचं वेगळं रूप) मोजायचं नाही. सर्वांत गडद तीच खरी.

१२ डिसेंबर

चांदीचं रंगकाम करताना जेल दुधट होऊन पट्ट्या बुडाल्या. सिल्व्हर नायट्रेट चांगलं होतं, विकसनाचं द्रावण ताजं होतं. दोष पाण्यात: भांडी खाडीलगतच्या विहिरीच्या पाण्याने विसळली होती. त्यातलं क्लोराइड चांदीशी मिळून सिल्व्हर क्लोराइडचा पांढरा साका धरतं. ब्लीचिंग पावडर टाकलेल्या नळाच्या पाण्यानेही हेच होतं. ट्रे, मोजपात्रं, काच, सगळं शेवटी डिस्टिल्ड पाण्याने विसळायचं. किनाऱ्यावरच्या कोणत्याही प्रयोगशाळेने ही सूचना ट्रेवरच चिकटवावी.

२० डिसेंबर

रत्नाचा निकाल. हापूस आणि नीलम ज्या मार्करवर वेगळे आहेत, त्या प्रत्येकावर रत्नामध्ये दोन पट्ट्या: एक हापूसच्या पातळीवर, दुसरी नीलमच्या. तिसरीकडून आलेली एकही नाही. हापूसमध्ये दोन पट्ट्या असल्या तरी रत्नात त्यांतली एकच उतरते. कोणती उतरेल ते प्रत्येक मार्करला वेगळं. मेंडेलचे नियम जेलवर यापेक्षा स्वच्छ दिसणं कठीण.

देवगड आणि रत्नागिरीच्या हापूसमध्ये सगळ्या मार्करवर पट्ट्या तंतोतंत सारख्या. अपेक्षितच: दोन्हीकडची झाडं काडीवर काडी बांधत आलेली, एकाच मूळ झाडाची.

९ जानेवारी २०२४

रत्नाचा आणखी एक नमुना, दुसऱ्या बागेतला. त्याच्यावर निम्म्याहून जास्त मार्करवर अशा पट्ट्या, की ज्या हापूसमध्येही नाहीत आणि नीलममध्येही नाहीत. उत्परिवर्तन म्हणून हे खपवता येत नाही. एखाद्या मार्करवर एक-दोन पुनरावर्तनांचा फरक असता तर तो विचार करण्याजोगा होता. इतक्या ठिकाणी एकदम फरक म्हणजे झाडच वेगळं.

बागेत जाऊन पान जिथून घेतलं ती फांदी खालपर्यंत तपासली. फांदी सांध्याच्या खालून, खुंटातून निघालेली. खुंट रायवळच्या कोयीचा, त्याचा डीएनए रत्नाशी संबंध नसलेला. सांध्याच्या वरचं पान घेतल्यावर निकाल बाकीच्या रत्नाशी जुळला.

हे जवळून पाहण्यासारखं आहे. कलमी झाड म्हणजे दोन वेगळे डीएनए एकावर एक उभे. रस, पाणी, क्षार सांध्यातून जातात, खुंटाच्या मुळांचा झाडाच्या वाढीवर परिणाम होतो, पण काडीतल्या पेशींच्या केंद्रकातली अक्षरं काडीचीच राहतात. जुन्या बागांत सांधा मातीखाली गेलेला असतो किंवा सालीने झाकलेला असतो. नमुना घेताना बुंध्याजवळचे फुटवे टाळायचे आणि वर, मोहोर येणाऱ्या फांदीचं पान घ्यायचं. नमुन्याच्या पिशवीवर आता ‘सांध्याच्या वर’ असा रकाना आहे.

२४ जानेवारी

सिंधू. इथे गणित नीट मांडावं लागतं.

सिंधूला निम्मा डीएनए रत्नाकडून, निम्मा थेट हापूसकडून. रत्नातला निम्मा पुन्हा हापूसचाच, म्हणून सरासरीने सिंधूत तीन चतुर्थांश हापूस. सरासरी म्हणायचं कारण, रत्नाच्या बीजांडात हापूसचा वाटा नेमका निम्माच आला असेल असं नाही.

हापूसमध्ये एकच पट्टी असलेला मार्कर घेतला, तर सिंधू तिथे हुबेहूब हापूस दिसण्याची शक्यता १/२ होती. हापूसमध्ये दोन पट्ट्या असतील तर १/४, कारण रत्नाने हापूसची एक पट्टी द्यायला हवी आणि हापूसने नेमकी दुसरी. म्हणजे एकट्या मार्करवर सिंधू आणि हापूस वेगळे करायला जाणं धोक्याचं. एकमेकांशी न जोडलेले, पहिल्या प्रकारचे आठ मार्कर घेतले तर सगळीकडे चकवा बसण्याची शक्यता १/२५६ वर येते. आमच्या जेलवर काही मार्करवर सिंधू हापूसपासून वेगळी ओळखू येत नाही, काहींवर नीलमची पट्टी ठळक दिसते. रत्नामार्गे आलेला आजीचा वारसा तो हाच.

रत्नात आणि सिंधूत साका (पिकलेल्या फळाच्या गरातला पांढरट, स्पंजासारखा बिघाड, ट्यूबमधला साका नव्हे) होत नाही, हापूसमध्ये होतो. पण नीलमची पट्टी असलेला मार्कर म्हणजे साका रोखणारं जनुक नव्हे. मार्कर फक्त त्या भागाचा वारसा कुठून आला ते सांगतो. गुण आणि मार्कर यांचा संबंध लावायचा तर एकाच संकरातून आलेली पुष्कळ भावंडं, त्यांची फळं आणि त्यांचे मार्कर शेजारी ठेवावे लागतात.

१५ फेब्रुवारी

उत्क्रांतीचा भाग. एसएसआर जवळच्या नात्यांना ठीक, दूरच्या नात्यांना निरुपयोगी, कारण तिथे बदल इतके झालेले असतात की एकाच लांबीची पट्टी दोन वेगळ्या वाटांनी आलेली असू शकते. दूरच्या नात्यांसाठी हरितलवकातलं आरबीसीएल जनुक घेतलं. प्रकाशसंश्लेषणात कार्बन डायऑक्साइड पकडणाऱ्या रुबिस्को या विकराचा मोठा भाग ते बनवतं. वनस्पतींच्या बारकोडसाठी, म्हणजे डीएनएच्या ठरावीक तुकड्यावरून जाती ओळखण्यासाठी, २००९ मध्ये ठरलेल्या दोन जनुकांपैकी हे एक.

नमुने: आंबा, काजू, बिब्बा, आंबाडा (चौघेही एकाच कुळातले) आणि तुलनेला लिंबू. बिब्ब्याच्या चिकाने त्वचा भाजते, फोड येतात. हातमोजे दुहेरी, बाह्या लांब, आणि पान फाडायचं नाही, कात्रीने कापायचं. काजूच्या पानाला त्रास कमी, बोंडूच्या बियांच्या कवचाला मात्र जपून.

१९ मार्च

क्रमनिर्धारण होऊन अक्षरं आली. दोन्ही टोकांची सुमारे ३० अक्षरं अस्पष्ट, ती कापून टाकली. उलट-सुलट दोन्ही बाजूंनी वाचलेलं जुळलं तेवढंच धरलं.

हापूस, नीलम, रायवळ: एकाही अक्षराचा फरक नाही. आंबा, काजू, बिब्बा एका फांदीवर, आंबाडा जरा दूर, लिंबू त्याहून बाहेर. वनस्पतिशास्त्रात आंबा, काजू, बिब्बा एका उपकुळात आणि आंबाडा दुसऱ्या उपकुळात धरतात, त्याच्याशी हे जुळतं. काजू ब्राझीलकडचा, पोर्तुगीजांनी इकडे आणला. आपल्या कातळावर आंब्याशेजारी तो काही शतकंच उभा आहे, नातं मात्र त्याहून कितीतरी जुनं, सामाईक पूर्वजाचं.

फरक जिथे आहेत ते बहुतेक त्रिकातल्या (एका अमिनो आम्लाचा संकेत देणाऱ्या तीन अक्षरांतल्या) तिसऱ्या अक्षरात. जीजीटीचं जीजीसी झालं तरी अमिनो आम्ल ग्लायसीनच राहतं. पहिल्या-दुसऱ्या अक्षरात बदल झाला तर बहुधा विकर बिघडतं, झाडाचं अन्न तयार होणं मंदावतं आणि तो बदल पुढच्या पिढीत टिकत नाही. निवड आणि योगायोग दोन्ही या एकाच ओळीत वाचता येतात, म्हणून विद्यार्थ्यांना दाखवायला हे जनुक सर्वांत चांगलं.

२२ एप्रिल

बाजारातल्या फळांवर काम. फळाची साल, गर आणि कोयीचं कठीण कवच हे सगळं आईच्या झाडाचं शरीर, पराग कुणाचाही असो. बापाचा वाटा फक्त कवचाच्या आतल्या बीमध्ये. त्यामुळे फळाची जात ओळखायची तर सालीतून डीएनए घ्यायचा. गरात साखर आणि पेक्टिन फार, पेशी मोठ्या आणि विरळ, डीएनए थोडा. साल १०० मिलिग्रॅम, आतून गर खरवडून, सॉर्बिटॉलच्या तीन धुण्या.

‘हापूस’ म्हणून विकलेल्या फळांत हापूस नसलेलं फळ लगेच उघडं पडतं. पण धारवाडकडच्या हापूसचा आणि देवगडच्या हापूसचा डीएनए-ठसा (सगळ्या मार्करवरच्या पट्ट्या) सारखाच येतो, कारण जात एकच. हापूसला २०१८ मध्ये मिळालेलं भौगोलिक मानांकन रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांना आहे, म्हणजे ते जागेला आहे. कातळ, खारी हवा, तापमान यांनी फळाचा वास आणि चव घडते, डीएनएची अक्षरं त्यांनी बदलत नाहीत. विचारणाऱ्या बागायतदारांना हेच लेखी कळवलं: ही तपासणी जात सांगेल, गाव सांगणार नाही. गावासाठी खरेदीची नोंद आणि पेटीवरचा माग काढता येणारा कोडच हवा.

१० जून

एकाच हापूस झाडाच्या कोयी लावल्या. आंब्याची कोय सुकली की बी मरतं, म्हणून फळ खाल्ल्यावर आठवड्याच्या आत पेरणी. कवच कात्रीने कडेने उघडून बी अलगद काढलं की उगवण लवकर होते आणि भुंग्याने पोखरलेलं बी आधीच वेगळं करता येतं. हापूसच्या कोयीत एकच गर्भ असतो, त्यामुळे एका कोयीतून एकच रोप आणि ते संकरातलं.

६ ऑगस्ट

रोपांची पोपटी पानं तपासली. सगळी सख्खी किंवा सावत्र भावंडं, तरी दोन रोपांचा ठसा सारखा नाही. प्रत्येक मार्करवर हापूसची एक पट्टी ठरलेली, दुसरी बाहेरून आलेली. काही रोपांत ती बांधावरच्या रायवळशी जुळते.

एका रोपात एका मार्करवर हापूसची पट्टीच दिसत नाही, बाकी सगळीकडे आई जुळते. कोय मिसळली असती तर अनेक मार्करवर गोंधळ दिसला असता. इथे एकाच ठिकाणी आहे, म्हणजे आईकडच्या अलीलमध्ये प्रायमर बसण्याच्या जागीच बदल असून तो तुकडा वाढत नाही, असा अंदाज. त्या मार्करवर हापूसची दिसणारी एकच पट्टी मग खरं तर दोनांपैकी एक ठरते. ताडून पाहायला त्याच जागेसाठी थोडे बाहेर सरकवलेले नवे प्रायमर मागवले आहेत, पीसीआर ५० अंशांवर परत लावायची आहे. रोपांना क्रमांकाच्या ॲल्युमिनियम पट्ट्या लावल्या, सैल तारेने, बुंधा जाडावला तरी रुतणार नाहीत अशा.